दलदलीवरचा साकव

बेल्जियम देशातील बानो या तीर्थस्थानाचे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. १९३३ सालच्या जानेवारीच्या १५ तारखेस, कडाक्याच्या थंडीत, मारिएत बेको नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीला आपल्या घराच्या खिडकीतून पवित्र मातेचे प्रथम दर्शन घडले. पुढे मार्चच्या २ तारखेपर्यंत आणखी सात वेळा घडले. स्वतःस ‘गरिबांची कुमारी’ म्हणविणाऱ्या त्या मातेने मुलीला रस्त्याकडेच्या एका झऱ्यापाशी नेले आणि हा झरा सर्व राष्ट्रांसाठी राखून ठेवलेला आहे असे सांगितले. लिएजच्या बिशपांनी १९४९ साली या दर्शनांस अंतिम मान्यता दिली. मारिएतबाई २०११ सालापर्यंत हयात होत्या. त्यांचे साधे, विटांचे घर आजही तेथे आहे, आणि ते बघून आमच्या मंडळींस आपल्याच गावातले एखादे घर आठवले.

आम्ही तेथे गेलो ते जून महिन्यात, आमच्या आत्याबाईंचा नवस फेडण्यासाठी. आत्याबाईंचे वय सत्तरीच्या पुढचे. जन्म आणि संसार खानापूर तालुक्यातील जंगलाकडेच्या गावी झालेला. बेळगावच्या पलीकडे त्या फारशा गेलेल्या नव्हत्या. लिएज धर्मप्रांतात सेवा करणारे आमच्याच भागातले एक फादर आमच्याबरोबर होते. झऱ्यात हात बुडवून, जपमाळ म्हणून आम्ही उठलो, तेव्हा बोलता बोलता फादर म्हणाले की मारिएतचे घर ज्या वाडीत होते तिचे नाव ‘ला फांज’, आणि त्याचा अर्थ चिखल, दलदल. आत्याबाईंना हे फार आवडले. “म्हणजे माउली चिखलातच आली की!” त्या म्हणाल्या. त्यावर फादर म्हणाले, “आत्याबाई, हा चिखल काहीच नव्हे. खरा चिखल पाहायचा तर उद्या तुम्हांला वरच्या पठारावर नेतो.”

अशा रीतीने आम्ही ओत-फान्य येथे गेलो. जर्मन भाषिक शेजारी त्याच प्रदेशाला होहेस फेन म्हणतात. अर्थ एकच, उंचावरची दलदल. बानोपासून मोटारीने तासाभराच्या आत तेथे पोहोचता येते. बेल्जियममधील सर्वांत उंच जागा, बोत्रांज, याच पठारावर आहे. तिची उंची अवघी ६९४ मीटर, म्हणजे आमच्या बेळगाव शहराइतकीसुद्धा नाही. १९२३ साली तेथील लोकांनी सहा मीटरचा एक उंचवटा रचून त्यावर पायऱ्या बांधल्या, की निदान उभा राहणारा मनुष्य ७०० मीटरांवर तरी पोहोचावा. ही हौस पाहून आम्हांला हसू आले. परंतु खाली पठाराकडे दृष्टी वळताच हसू मावळले. डोंगर नाही, झाड नाही, घर नाही. क्षितिजापर्यंत पिवळसर गवत आणि मधूनमधून काळे पाणी.

येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस सुमारे १,४०० मिलिमीटर, आमच्या घाटमाथ्याच्या मानाने बेताचाच. पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. बारा महिने ठिबकत राहतो, आणि खालची चिकणमाती त्याला जिरू देत नाही. अशा साचलेल्या पाण्यात एक प्रकारचे शेवाळ वाढते. ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. जुने शेवाळ मरते, नवे त्याच्यावर वाढते. परंतु पाणी आंबट आणि खाली हवा नाही, म्हणून मेलेले शेवाळ नीट कुजत नाही. त्याचे थरावर थर साठत जातात. या साठलेल्या काळ्या पदार्थाला पीट म्हणतात. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. एक मीटर पीट म्हणजे हजार वर्षे, आणि ओत-फान्यमध्ये काही ठिकाणी त्याची जाडी सात मीटरांपर्यंत भरते.

पूर्वीचे लोक हे पीट कापून, वाळवून, चुलीत जाळीत असत. पुढे एकोणिसाव्या शतकात, पठाराचा मोठा भाग प्रशियाच्या राज्यात असताना, सरकारने चर खणून पाणी काढले आणि सूचिपर्णी झाडांची लागवड केली. १९५७ साली उरलेली दलदल संरक्षित म्हणून जाहीर झाली. २००७ ते २०१२ या वर्षांत तर उलटा उद्योग झाला: लावलेली झाडे तोडली, खणलेले चर बुजविले, आणि काढलेले पाणी पुन्हा अडविले. आमच्या बरोबरचे थोरले बंधू कंत्राटदारीच्या धंद्यातले. ते म्हणाले की एकदा खणायला आणि एकदा बुजवायला असे दोनदा पैसे मिळणारा असा धंदा आपल्याकडे सुरू झाला पाहिजे. त्यांच्या बोलण्यात थोडा उपहास होता. तथापि, आम्हांला त्या बुजविणाऱ्यांविषयी आदरच वाटला. आपल्या वाडवडिलांची चूक पदरचे खर्चून दुरुस्त करणारे सरकार रोज पाहावयास मिळत नाही.

माँ रिजी नावाच्या ठिकाणी आम्ही उतरलो. तेथून पोल्यरच्या दलदलीतून सुमारे चार किलोमीटरांची वाट जाते, आणि तिचा बराचसा भाग लाकडी फळ्यांचा आहे. आमच्याबरोबर एक वाटाड्या होता. वनखात्यातून निवृत्त झालेला, उंच, मितभाषी मनुष्य. फळ्यांच्या तोंडाशी आत्याबाई थांबल्या, वाकून पाहिले, काठीने ठोकून पाहिले, आणि म्हणाल्या, “अगो बाई, हा साकव! एवढा लांब साकव घातला कोणी?”

ज्या वाचकांनी घाटाखालचे वा घाटमाथ्यावरचे गाव पाहिले आहे त्यांस साकव सांगावयास नको. ओढ्यावर दोन लांब ओंडके, त्यांवर आडवे बांबू, रानवेलींनी बांधलेले. पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक घरचा एक माणूस येई आणि सर्व गाव मिळून एका दिवसात साकव घाली. ओढ्याला मोठा लोंढा आला की साकव वाहून जाई, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तोच दिवस. ओत-फान्यची वाट म्हणजे तोच साकव. फरक इतकाच की तो ओढा ओलांडीत नाही, पाण्यातल्या जमिनीवरून मैलभर पुढे पुढे जातच राहतो.

तो कसा घालतात हे वाटाड्याने आम्हांला दाखविले. आधी लांब तुळया टाकायच्या; जेथे पीट मऊ आहे तेथे खुंट ठोकून त्यांवर टेकवायच्या. तुळयांवर आडव्या फळ्या, आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. ती फट काटकसरीसाठी नव्हे. फटीतून ऊन आणि पाऊस खाली गेला तरच खालचे शेवाळ जिवंत राहते. फळीवर तारेची जाळी, नाहीतर ओल्या लाकडावर पाय हटकून घसरतो. काम करणारे गडी जमिनीवर उतरत नाहीत. घातलेल्या फळीवर उभे राहूनच पुढची फळी घालायची, आणि सामान मागून खांद्यावर आणायचे, कारण एखादे जड वाहन एकदा जरी दलदलीवरून गेले तरी त्याच्या चाकोऱ्या वर्षानुवर्षे बुजत नाहीत. लाकूड ओकचे किंवा तशाच टिकाऊ झाडाचे. वाळवीनाशक औषध पाजलेले लाकूड नको, कारण ते विष पावसाने पाण्यात उतरते.

“मग सरळ सिमेंटचा रस्ता का करीत नाहीत?” थोरल्या बंधूंनी विचारले. प्रश्न आमच्याही मनात होता. वाटाड्याने सांगितले की या पाण्यात चुन्याचा अंश जवळजवळ नाही, आणि येथील वनस्पती अशा निःसत्त्व, आंबट पाण्यातच जगू शकतात. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरला की कडेला दुसरेच गवत वाजू लागते आणि मूळची वनस्पती हटते. एवढे बोलून त्याने खाली बोट दाखविले. शेवाळात तांबूस रंगाची, आपल्या नखाएवढ्या पानांची वनस्पती होती. पानांवर दवासारखे चिकट थेंब, आणि एका पानावर अडकलेले चिलट. आम्ही तिला ओळखली. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी, कीटक खाणारी दवबिंदू ती हीच, किंवा हिची सख्खी बहीण. तेथेही मातीत कस नसतो, म्हणून बिचारी किडे धरून पोट भरते. इतक्या दूर देशी ओळखीचे कोणी भेटावे तसा आम्हांस आनंद झाला.

पुढे एका ठिकाणी पांढऱ्या कापसाच्या बोंडांसारखी फुले माळभर डोलत होती. ही एका गवताची बोंडे असून जून महिन्यात फुटतात. आत्याबाईंच्या मनात आले की त्यातली मूठभर खुडून बानोच्या मातेपुढे ठेवावी. त्यांनी एक पाय फळीखाली टाकला मात्र, तोच वाटाड्याने त्यांचा दंड धरला. त्याने जोर केला नाही. पण सोडलेही नाही. मग थोडे पुढे नेऊन एक खळगा दाखविला. कोणी तरी फळीवरून उतरून आठ-दहा पावले चालला होता. पावलांचे ठसे पाण्याने भरलेले, काठाचे शेवाळ काळे पडलेले. हे ठसे कधीचे, म्हणून फादरांनी विचारले. वाटाड्या म्हणाला, चार वर्षांपूर्वीचे. मी तेव्हापासून पाहतो आहे. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि मध्यावरून चालू लागल्या.

या पठाराचे नियम कडक आहेत. काही भागांत वाट न सोडण्याच्या अटीवर कोणासही जाता येते. काही भागांत अधिकृत वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. काही भाग सर्वांनाच बंद. वसंतात काही वाटा मिटविल्या जातात, कारण काळा रानकोंबडा म्हणावा असा एक दुर्मीळ पक्षी त्या वेळी भुईवर अंडी घालतो. तो येथून नाहीसाच व्हावयाचा होता; २०१७ सालापासून स्वीडनमधून पक्षी आणून सोडीत आहेत. आणि कोरड्या हवेत लाल निशाण चढले की सारे पठारच बंद. पाण्याच्या प्रदेशात आगीचे भय कसले, असे वाटेल; परंतु वरचे वाळके गवत पेट घेते. २०११ सालच्या एप्रिलमध्ये येथे हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले.

चालता चालता वाटाड्याने दूरवर हात केला. त्या बाजूला, बंद भागात, पीटच्या खाली एक फार जुना रस्ता आहे. स्ताव्हलो आणि मालमेदी येथील मठ संत रेमाक्ल यांनी सातव्या शतकात स्थापिले. हे संत रेमाक्ल म्हणजे तेच, ज्यांचे दगड वाहणारे गाढव लांडग्याने खाल्ले, तेव्हा त्यांनी त्या लांडग्यालाच देवळाचे दगड वाहावयास लावले, अशी कथा तेथील आजीबाई सांगतात. स्ताव्हलोच्या नगरचिन्हावर तो लांडगा अजून आहे. या मठांच्या हद्दी सांगणाऱ्या सातव्या शतकातील राजपत्रात व्हिया मान्सुएरिस्का नावाच्या रस्त्याचा उल्लेख येतो. पीट खणताना तो सापडला, तेव्हा तो रोमन लोकांचा असावा असे विद्वानांना वाटले. पुढे लाकडाची शास्त्रीय परीक्षा झाली आणि तोही त्या संतांच्याच काळाच्या आसपासचा ठरला. खाली उभे ओंडके, त्यांवर आडवे ओंडके, खुंट्यांनी जखडलेले, वर दगड आणि खडी. रुंदी गाड्या जाण्याजोगी. तेराशे वर्षांनंतरही ते लाकूड शाबूत आहे!

आणि आज घातलेली फळी? ती पंधरा-वीस वर्षांत कुजते. आम्हांला प्रथम हे उलटे वाटले. पण आत्याबाईंना मुळीच नवल वाटले नाही. विहिरीच्या तळाशी जांभळीचे लाकूड घालतात. ते पाण्यात बुडालेले राहिले तर पिढ्यानुपिढ्या टिकते, आणि तेच कधी ओले कधी कोरडे राहिले तर भुसा होते, हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. त्यांचे हे बोलणे फादरांनी फ्रेंच भाषेत सांगितले, तेव्हा त्या मितभाषी वाटाड्याने टोपी काढून त्यांस मान दिला.

दुपारी आम्ही बाराक मिशेल येथे गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशेल श्मित्झ नावाच्या माणसाने या ओसाड जागी झोपडी बांधली आणि वाट चुकलेल्यांना आसरा देण्यास आरंभ केला. जवळच एक लहानसे देऊळ आहे. फिशबाख नावाच्या एका धनिकाने ते १८३० च्या सुमारास बांधविले. त्याचे वैशिष्ट्य असे की मनोऱ्यात रात्री दिवा ठेवीत आणि धुके पडले की घंटा वाजवीत, म्हणजे दलदलीत भरकटलेला प्रवासी आवाजाच्या रोखाने यावा. आमच्याकडे देवळाची घंटा लोकांना मिस्सेला बोलाविते. येथील घंटा आधी त्यांना जिवंत ठेवी आणि मग प्रार्थनेला बोलावी.

घंटेचे कारण आम्हांस लवकरच उमगले. देवळापासून थोड्या अंतरावर ‘वाग्दत्तांचा क्रूस’ आहे. तो पाहावयास आम्ही निघालो. वाट कुठे फळ्यांची, कुठे चिखलाची. अर्ध्या वाटेवर वारा पडला, आणि पाहता पाहता धुके आले. वर सांगितल्याशिवाय वाचकांस पटणार नाही, पण दहा पावलांवरचे थोरले बंधू आम्हांस दिसेनासे झाले. गवत, पाणी, आकाश सर्व एकच पांढरे. वाटाड्याने सांगितले, एकमेकांस हाक देत राहा आणि पायाखाली लाकूड आहे एवढेच पाहा. आत्याबाईंनी जपमाळ काढली. त्या पुढे, आम्ही मागे. पायाखाली फळी वाजली की जिवात जीव येई. चिखलाचा तुकडा आला की पुढची फळी काठीने चाचपीपर्यंत श्वास कोंडे. ही वाट जेमतेम दोन हात रुंद. तिच्यावाचून त्या धुक्यात आम्ही कोणत्या दिशेला गेलो असतो, हे आजही आम्हांला सांगता येणार नाही.

क्रूस एकदम समोर उभा राहिला. साधा लाकडी क्रूस, आणि जवळ हद्दीचा दगड; त्याच्या एका अंगास बेल्जियमचे आद्याक्षर, दुसऱ्या अंगास प्रशियाचे. १९२० साली मालमेदी आणि ऑयपेन बेल्जियमला मिळाल्यापासून त्या हद्दीस अर्थ उरलेला नाही, तरी दगड उभे आहेत. आम्ही सीमाभागातली माणसे. असे दगड पाहून आमच्या मनात काय आले ते येथे लिहीत नाही.

१८७१ सालच्या जानेवारीत फ्रांस्वा रीफ आणि मारी सोलहाइद ही दोघे या वाटेने निघाली. तो जिलेप धरणाच्या बांधकामावरचा मजूर. लग्न ठरले होते. त्यासाठी लागणारे कागद मारीच्या जन्मगावी, हद्दीपलीकडे, मिळावयाचे होते. बर्फाचे वादळ झाले. ती परत आली नाहीत. वसंतात बर्फ वितळल्यावर दोघांचे देह एकमेकांपासून दूर सापडले. मारीचा या दगडापाशी. तिच्यापाशी फ्रांस्वाच्या हातची पेन्सिलीने लिहिलेली चिठी होती. मारीने आताच प्राण सोडला आणि आपणही त्याच वाटेवर आहोत, एवढाच तिचा आशय.

फादरांनी ही हकीकत सांगितली तेव्हा आत्याबाई क्रुसाला हात लावून उभ्या होत्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात सर्वांस माहीत आहे पण कोणी बोलत नाही. त्यांचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा असताना शाळेतून येताना साकवावरून वाहून गेला. त्या वर्षी गावात भांडण होते. कोणाच्या घरचा माणूस आधी यायचा यावरून साकव वेळेवर घातला गेला नाही. चार जणांनी मिळून घाईघाईने दोन ओंडके टाकले होते, आडवे बांबू नव्हतेच. “साकव होता,” त्या म्हणाल्या, “पण गावाने घातलेला नव्हता.” आम्ही सर्वांनी गुडघे टेकून मारी, फ्रांस्वा आणि आमचे ते न पाहिलेले काका यांच्यासाठी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटले. वाटाड्यानेही टोपी काढली. तो देवळात जाणारा मनुष्य आहे की नाही हे आम्ही विचारले नाही.

परतताना धुके विरळ झाले होते. देवळाच्या अलीकडे एका ठिकाणी वाट दोरी लावून बंद केली होती, आणि दोन गडी कुजक्या फळ्या काढून नव्या ठोकीत होते. काढलेल्या फळ्यांचा ढीग कडेला. बोटाने दाबले तर भुगा पडे. सर्व वाटा राखणे परवडत नाही, म्हणून काही जुन्या वाटा तशाच कुजू द्याव्या असे म्हणणारे लोक तेथे आहेत, असे वाटाड्याने सांगितले. दलदलीचे त्यात भलेच होईल, असे त्यांचे म्हणणे. दुसरे म्हणतात, वाट नसली की लोक यावयाचे थांबत नाहीत, वाटेल तेथून चालू लागतात. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. पण चार वर्षांचे ते ठसे पाहिल्यावर पहिल्या पक्षाला मूर्ख म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

दोघांतल्या वयस्क गड्यास आत्याबाईंनी फादरांकरवी विचारले, की या नव्या फळ्या किती वर्षे राहतील. तो म्हणाला, देवाने पाऊस बेताचा दिला तर पंधरा. तोवर तो निवृत्त झालेला असेल, आणि त्याचा मुलगा शहरात संगणकावर काम करतो.

“मग पुढल्या खेपेस घालणार कोण?” आत्याबाईंनी विचारले.

फादरांनी प्रश्न फ्रेंचमध्ये सांगितला. तो हसला, खांदे उडविले, आणि शेजारच्या तरुण गड्याकडे पाहून पुढची फळी मागितली. आत्याबाईंनी काठी आमच्या हाती दिली, वाकून फळीचे एक टोक धरले, आणि ती त्याच्याकडे सरकविली.